लाल लाकडाचा साक्षीदार

देशांना नावे मिळतात ती नद्यांवरून, राजांवरून, तिथे राहणाऱ्या लोकांवरून. झाडावरून नाव मिळालेला एवढा मोठा देश मला तरी एकच ठाऊक आहे. तो म्हणजे ब्राझील.

हे झाड आपल्याकडच्या पतंगाच्या झाडाचे नातलग. पतंग म्हणजे संक्रांतीला उडवायचा नव्हे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळते ते तांबूस लाकूड. केरळात जेवणाबरोबर जे कोमट गुलाबी पाणी देतात आणि जे मी तिथे गेलो की आवडीने पितो, त्याचा रंगही याच पतंगाचा. आशियातले हे लाकूड कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून अरब व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जाई. कापड लाल रंगवणाऱ्या तिथल्या रंगाऱ्यांनी त्याला ब्राझील म्हणायला सुरुवात केली. पोर्तुगीज भाषेत ब्राझा म्हणजे निखारा. त्या शब्दाशी या नावाचे नाते सांगतात.

१५०० च्या एप्रिलमध्ये काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी कालिकतला जाता जाता दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. त्या भूमीला त्याने पवित्र क्रुसाचे नाव दिले. पण तिथल्या जंगलात तसलेच लाल लाकूड सापडले, व्यापारी धावले आणि क्रुसाचे नाव मागे पडून लाकडाचे नाव टिकले.

या झाडाची कहाणी मला भिडली ती मात्र एका चांभारामुळे. झाँ द लेरी त्याचे नाव. क्लॉद लेव्ही-स्त्रोस या विख्यात मानववंशशास्त्रज्ञाने रिओ शहरात पाऊल ठेवले तेव्हा त्याच्या खिशात लेरीचे पुस्तक होते, असे वाचले आणि मी या माणसाच्या शोधात निघालो.

लेरीचा जन्म १५३६ च्या सुमारास फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातला. सुधारणावादी ख्रिस्ती पंथाच्या ओढीने तो जिनिव्हाला गेला. जोडे शिवणे हा त्याचा व्यवसाय, धर्मशास्त्राचा अभ्यास ही आवड. आज जिथे रिओ दि जानेरो आहे त्या ग्वानाबारा उपसागरातल्या एका बेटावर व्हिलगान्यों नावाच्या सरदाराने फ्रेंच वसाहत उभारली होती. तिथे धर्मोपदेशक हवेत म्हणून १५५६ साली जिनिव्हाहून चौदा जण निघाले. विशीतला लेरी त्यांत होता.

१५५७ च्या मार्चमध्ये ही मंडळी पोहोचली आणि काही महिन्यांतच धर्मविधींवरून सरदाराशी त्यांचे बिनसले. बेटावरून हाकलल्यावर त्यांना आसरा दिला तो किनाऱ्यावरच्या तुपिनांबा लोकांनी. नरमांसभक्षक म्हणून युरोपात बदनाम असलेल्या या लोकांकडे लेरीने डोळे उघडे ठेवून पाहिले. त्यांची शेती, त्यांची गाणी, त्यांचे पाहुण्याला जपणे आणि त्यांचे क्रौर्यही त्याने टिपून ठेवले. यातली बहुतेक टिपणे त्याने ज्या शाईने लिहिली, तीसुद्धा याच लाल लाकडाची!

लाकडाचा धंदा कसा चाले, तेही त्याने लिहून ठेवले आहे. लाकूड अतिशय टणक. फ्रेंचांकडून मिळालेल्या लोखंडी कुऱ्हाडींनी तुपिनांबा ते तोडत, ओंडके करत आणि उघड्या खांद्यांवरून डोंगर-दऱ्या तुडवत कित्येक मैल वाहून आणत. मोबदला काय, तर सदरे, टोप्या आणि सुऱ्या. ही माणसे नसती तर मध्यम आकाराचे जहाज भरायलाही वर्ष पुरले नसते, अशी प्रांजळ कबुली लेरी देतो. तो एक गमतीचा प्रसंगही सांगतो. त्यांच्यातल्या एकाने या लाकडाच्या राखेच्या पाण्यात सदरे धुवायला घेतले. पांढरे व्हायचे ते सदरे असे लाल झाले की पुन्हा कितीही धुतले तरी तो रंग गेला नाही.

पण त्या पुस्तकातला कळसाचा प्रसंग आहे तो एका म्हाताऱ्याशी झालेल्या बोलण्याचा. तुम्ही इतक्या लांबून लाकडासाठी येता, तुमच्याकडे जळण नाही का, असे म्हाताऱ्याने विचारले. लेरीने सांगितले, हे जाळायला नव्हे, रंगवायला. मग एवढे कशाला लागते? लेरीने आपल्याकडच्या बड्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीचे वर्णन केले. हा श्रीमंत माणूस मरत नाही का, म्हाताऱ्याचा पुढचा प्रश्न. मरतो, आणि सारे मुलाबाळांना, भावांना जाते, हे ऐकल्यावर त्याने या फिरंग्यांना सरळ वेड्यांत काढले. आमचीही मुले आम्हाला प्यारी आहेत. पण जिने आम्हाला पोसले ती जमीन आमच्या मागे त्यांनाही पोसेल, या भरवशावर आम्ही स्वस्थ असतो, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ होता.

१५५८ च्या जानेवारीत लेरी परत निघाला ते लाल लाकूड, मिरी, माकडे आणि पोपट भरलेल्या जहाजातून. जहाज गळके निघाले. पाच जण होडीने माघारी वळले. त्यांच्याबरोबर होडीत उतरलेला लेरी एका मित्राने हात पुढे केला म्हणून पुन्हा वर चढला. तो हात नसता तर हे पुस्तक झाले नसते, कारण माघारी गेलेल्यांपैकी तिघांना व्हिलगान्योंने ठार केले. जहाजावर अन्न संपले. माकडे गेली, पोपट गेले, कातडी ढाली भाजून खाल्ल्या, उंदरांची शिकार झाली. शेवटी काहींनी तळघरातले ते मौल्यवान लाकूड दातांनी कुरतडून पाहिले. तुपिनांबा म्हाताऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे याहून बोलके उत्तर कोणते?

मे महिन्यात जहाज फ्रान्सला लागले. लेरी पुढे धर्मोपदेशक झाला. १५७३ साली सांसेर गावाला वेढा पडला तेव्हा उपाशी गावकऱ्यांना कातडे शिजवून कसे खावे, ते त्याने जहाजावरच्या अनुभवावरून शिकवले. ब्राझीलच्या प्रवासाचे हस्तलिखित हरवले, सापडले आणि अखेर १५७८ साली छापले गेले. १६१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याने देह ठेवला.

त्याच्या हयातीतच ग्वानाबारा काठची तुपिनांबांची गावे लढाया, गुलामगिरी आणि युरोपातून आलेल्या साथींनी उद्ध्वस्त झाली. झाडांची तोड चालूच राहिली. ॲमस्टरडॅममध्ये १५९६ पासून तुरुंगातल्या कैद्यांकडून या लाकडाचा भुगा करवून घेत. भुगा भिजवायचा, उकळायचा, तुरटीच्या साह्याने रंग कापडावर बसवायचा. एवढे करूनही हा लाल रंग उन्हात विटतो. एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि रंगाऱ्यांची मागणी ओसरली. पण तोवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पॅरिसच्या तुर्त या कारागिराने याच लाकडाच्या व्हायोलिनच्या गजाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. शहरे आणि शेती यांनी किनाऱ्यालगतचे जंगलही गिळले. आज हे झाड धोक्यात आलेल्या प्रजातींत मोडते. २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

योगायोग पाहा. लेरीच्या पुस्तकानंतर बरोबर चारशे वर्षांनी, १९७८ साली ब्राझीलने कायद्याने या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. लेरीला या झाडाचे पुढे काय होणार, हे दिसले होते असे मी म्हणणार नाही. तो त्याच लाकडाच्या जहाजातून घरी परतला होता. पण आपल्याला वेड्यांत काढणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याने न हसता, न वगळता लिहून ठेवले. त्या म्हाताऱ्याचे नाव आपल्याला माहीत नाही. जमीन आपल्या मुलांनाही पोसेल हा त्याचा भरवसा मात्र खोटा नव्हता. तो इतरांनी खोटा पाडला.