फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग आणि डॉ. वेंकटरामन

कांदा, चहा, संत्री, जांभूळ यांतील फ्लेव्होनॉइड द्रव्यांचा आरोग्याशी असलेला संबंध आज सर्वत्र चर्चिला जातो. ही द्रव्ये प्रयोगशाळेत सिद्ध करण्याची वाट दाखविणारे डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन हे मात्र आहारशास्त्रज्ञ नव्हते. ते रंगांचे रसायनशास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म ७ जून १९०१ रोजी मद्रास येथे झाला. मँचेस्टरमध्ये रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतल्यावर ते लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन करू लागले. १९३३-३४ च्या सुमारास त्यांनी फ्लेव्होन तयार करण्याची सुटसुटीत पद्धत मांडली. क्षारामुळे रेणूतील एक गट ऑक्सिजनवरून कार्बनवर सरकतो आणि पुढे आम्लाने वलय पूर्ण होते. ब्रिटनमधील विल्सन बेकर हेही स्वतंत्रपणे तेथवर पोहोचले होते. त्यामुळे ही अभिक्रिया बेकर-वेंकटरामन या जोडनावाने पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. भारतीयाचे नाव लाभलेल्या अभिक्रिया मोजक्याच आहेत.

१९३४ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात दाखल झाले. कापडगिरण्यांच्या या शहराला रंगांचे जाणकार हवे होते. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५७ ते १९६६ या काळात त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद भूषविले. तेथेही ते पहिले भारतीय संचालक ठरले. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब प्रदान करण्यात आला.

पुण्यातील त्यांचे फणसावरील काम मराठी वाचकांना विशेष जवळचे वाटेल. फणसाच्या लाकडापासून मिळणारा पिवळा रंग बौद्ध भिक्खूंच्या वस्त्रांसाठी पूर्वापार वापरात होता. त्या लाकडातील फ्लेव्होन द्रव्ये वेगळी करून त्यांच्या रेणूंची रचना वेंकटरामन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली.

आरोग्याची कथा समांतर चालली होती. हंगेरीचे अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ मध्ये या द्रव्यांना जीवनसत्त्व ‘पी’ म्हटले. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून होणारा रक्तस्राव त्यांनी थांबतो, असा त्यांचा कयास होता. पुरेशा पुराव्याअभावी १९५० मध्ये हे नाव मागे पडले.

वेंकटरामन यांचे १९८१ मध्ये निधन झाले. त्यानंतर १९९३ मध्ये नेदरलँड्समधील एका अभ्यासात चहा, कांदा व सफरचंद यांतून अधिक फ्लेव्होनॉइड घेणाऱ्या वृद्ध पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. तथापि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत कोकोतील फ्लॅव्हॅनॉलच्या कॅप्सूलमुळे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे एकूण प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले नाही. त्यामुळे गोळ्यांपेक्षा ताटातील पदार्थ बरे, असे म्हणण्यास आधार आहे.

हे पदार्थ महागही नाहीत. कांद्यातील क्वेर्सेटिन बाहेरच्या पापुद्र्यांत अधिक असते, तर संत्र्यातील हेस्पेरिडिन सालीखालच्या पांढऱ्या भागात. नेमके हेच भाग आपण बहुधा टाकून देतो. भिलाई-दुर्ग परिसरात मुनगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेवग्याच्या पाल्यातही क्वेर्सेटिन व केम्फेरॉल ही द्रव्ये आढळतात.