न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी : दोन्हीकडून विचारलेला एकच प्रश्न

ऑगस्ट १८९७. राजद्रोहाच्या आरोपाखाली लोकमान्य टिळक मुंबईत कैदेत होते. जामिनाचे आधीचे प्रयत्न फसले होते. बॅरिस्टर दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज केला. तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासमोर आला आणि जामीन मंजूर झाला. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुसलमान दंगलीला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. न्यायाधीशाचा धर्म पाहून निकालाचा अंदाज बांधणारा त्या दिवशी चुकला असता.

बद्रुद्दीन यांचा जन्म १८४४ मध्ये मुंबईतील सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. विलायतेत शिकून १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. मुसलमान मुलांना आधुनिक शिक्षण मिळावे म्हणून १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत ते होते. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांचे सार्वजनिक कामातले सहकारी.

१८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. या पदावरचे पहिले मुसलमान. मग प्रश्न सुरू झाले. काहींना ते केवळ मुसलमानांचे प्रतिनिधी वाटत. सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या बुजुर्गांना मात्र ते मुसलमानांच्या वतीने बोलतात हेच मान्य नव्हते. प्रश्न एकच होता: हा माणूस नेमका कोणाचा? हिंदू अध्यक्षाला तो कोणी विचारत नसे. पूर्वग्रह नेहमी द्वेषातूनच येतो असे नाही. तो अशा न विचारलेल्या प्रश्नातही लपलेला असतो.

तय्यबजींची भूमिका सरळ होती. काही खटकत असेल तर बाहेर राहून नव्हे, आत येऊन बोलावे. एखाद्या ठरावाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा जवळपास एकमुखी विरोध असेल, तर तो ठराव काँग्रेसने घेऊ नये, या नियमामागे त्यांचाच आग्रह होता. तरीही वाद शमेना. १८८८ मध्ये तर अधिवेशने काही वर्षे थांबवावीत, असे त्यांनी ह्यूम यांना सुचवले. तो सल्ला मानला गेला नाही.

१८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९०२ मध्ये त्यांनी काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीशपद सांभाळले. मुंबईत तो मान मिळालेले ते पहिले हिंदी. १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

न्याय आपल्या किंवा आप्तांच्या विरोधात जात असला तरी तो सोडू नये, अशी कुरआनची शिकवण आहे. रमजानमध्ये रोजेदार भुकेबरोबर मनालाही आवर घालतो. समोरच्याचे नाव ऐकताच त्याच्याविषयी मत बनवणाऱ्या मनालाही असाच आवर घालता आला, तर तय्यबजींची आठवण सार्थकी लागेल.