थॉमस मोरान : ज्यांच्या रंगांमुळे यलोस्टोन खरं वाटलं

उकळते झरे, वाफेचे फवारे, पिवळ्याधमक कड्यांची खोल दरी. यलोस्टोनचं हे वर्णन १८७१ पर्यंत अमेरिकेतल्या अनेकांना निव्वळ थापा वाटायचं.

थॉमस मोरान यांनी तर ती जागा न बघताच तिची चित्रं केली होती, एका मासिकासाठी, दुसऱ्याच्या कच्च्या रेखाटनांवरून. १८३७ साली इंग्लंडमधल्या बोल्टनमध्ये जन्मलेले मोरान लहानपणीच अमेरिकेत आले होते. आता यलोस्टोन प्रत्यक्ष बघायचंच असं त्यांनी ठरवलं. पैसे उसने घेतले आणि हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षण पथकासोबत निघाले. घोड्यावर बसायची सवय नव्हती, म्हणून खोगिरावर उशी घेतली.

पथकात विल्यम हेन्री जॅक्सन हे फोटोग्राफरही होते. पण तेव्हाचे फोटो कृष्णधवल. कड्यांचे रंग दिसले ते मोरान यांच्या जलरंगांत. ही चित्रं आणि फोटो अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना दाखवले गेले. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं.

अनेकांना वाटतं, मोरान यांच्या भव्य तैलचित्रामुळे हा कायदा झाला. पण दरीचं ते सुमारे ७ बाय १२ फुटांचं चित्र पूर्ण झालं कायद्यानंतर. काँग्रेसने ते १०,००० डॉलरला विकत घेतलं. काम केलं होतं त्याआधीच्या छोट्या जलरंगांनी.

१९२६ साली मोरान गेले. ती दरी मात्र आजही राखलेली आहे.