पृथ्वीचे थर वाचणारा भूमापक

३१ ऑगस्ट १८१९ रोजी लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगातून पन्नाशीचे एक गृहस्थ बाहेर पडले. कर्ज फेडता न आल्याने सुमारे अडीच महिने त्यांनी गजाआड काढले होते. राहत्या घरावर जप्ती आलेली होती. विशेष म्हणजे, अवघ्या चार वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी इंग्लंड आणि वेल्सच्या भूगर्भाचा नकाशा एकट्याने तयार केला होता. संपूर्ण देशाचा एवढा तपशीलवार भूशास्त्रीय नकाशा जगात त्याआधी झालेला नव्हता. या गृहस्थांचे नाव विल्यम स्मिथ.

स्मिथ यांचा जन्म २३ मार्च १७६९ रोजी ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल या खेड्यात झाला. वडील गावचे लोहार. विल्यम आठ वर्षांचा असतानाच ते वारले आणि शेतकरी असलेल्या काकांनी त्याचा सांभाळ केला. शालेय शिक्षण बेताचेच झाले. त्या भागातील शेतांत गोलसर दगड सापडत आणि गवळणी लोणी तोलण्यासाठी त्यांचा वजन म्हणून उपयोग करीत. हे दगड म्हणजे प्राचीन समुद्रातील सागरी अर्चिनचे जीवाश्म होते. मुले इतर लहान जीवाश्म घेऊन गोट्या खेळत. विल्यमला या दगडांचा छंद लागला तो कायमचाच.

१७८७ मध्ये एडवर्ड वेब या भूमापकाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली. १७९१ मध्ये एका जमीनदारीच्या मोजणीसाठी ते सॉमरसेट परगण्यात गेले. तेथील कोळशाच्या खाणीत उतरताना त्यांच्या लक्षात आले, की वालुकाश्म, शेल आणि कोळसा यांचे थर एका ठरावीक क्रमाने येतात. पुढे सॉमरसेट कोळसा कालव्याच्या कामावर त्यांची नेमणूक झाली आणि कालव्यासाठी खोदलेली जमीन मैलोन्‌मैल डोळ्यांखालून गेली. थर पूर्वेकडे किंचित कललेले असून त्यांचा क्रम सगळीकडे तोच आहे, अशी त्यांची खात्री पटली.

अडचण एकच होती. वेगवेगळ्या काळातील चिकणमातीचे किंवा चुनखडीचे थर दिसायला सारखेच असत. मग कोणता थर कोणता, हे ओळखायचे कसे? याचे उत्तर लहानपणीच्या छंदाने दिले. प्रत्येक थरातील जीवाश्मांचा समूह वेगळा असतो, हे १७९६ च्या सुमारास स्मिथ यांच्या ध्यानी आले. १७९९ मध्ये बाथ येथे त्यांनी खडूच्या थरापासून खाली कोळशापर्यंतच्या २३ थरांची यादी मित्रांना सांगून लिहवून घेतली.

हे थर कसे बनले, या विद्वानांच्या वादात स्मिथ फारसे पडले नाहीत. आज त्याचे उत्तर ठाऊक आहे. सॉमरसेटचा कोळसा म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील अरण्यांचे अवशेष होत. गाळाखाली गाडले गेल्यावर दाब व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. त्यानंतर त्या भूमीवर समुद्र पसरला. त्याच्या तळाशी वाळू, चिखल, शंखशिंपले साचत गेले आणि त्यांचे खडक झाले. भूकवचाच्या हालचालींनी हे थर वर उचलले गेले, कलले. मऊ चिकणमाती पाण्याने झिजून सखल प्रदेश तयार झाले, तर कठीण चुनखडी कॉट्स्वोल्ड्‌ससारख्या डोंगररांगांच्या रूपाने उभी राहिली. स्मिथ यांना डोंगराच्या आकारावरूनच आतला खडक ओळखता येई, तो यामुळेच.

या ज्ञानाला रोख किंमत होती. चुकीच्या थरांत कोळसा शोधण्यापायी जमीनदार पैसा मातीत घालवीत असत. कोठे खणणे व्यर्थ आहे, हे स्मिथ सांगू शकत. १७९९ मध्ये कालव्याची नोकरी सुटल्यावर ते याच सल्ल्यावर उपजीविका करीत देशभर हिंडले आणि मिळालेला पैसा नकाशासाठी खर्च करीत राहिले. १८१५ मध्ये जॉन केरी यांनी तो प्रसिद्ध केला. सुमारे आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद असा हा नकाशा हाताने रंगविला जाई. प्रत्येक थराचा रंग तळाशी गडद ठेवल्याने कोणता थर कोणावर आहे, ते पाहताक्षणी कळे. त्याच्या सुमारे ४०० प्रती निघाल्या.

पैसा मात्र मिळाला नाही. बाथजवळ स्मिथ यांनी घेतलेल्या खाणीतला दगड निकृष्ट निघाला, हा दैवदुर्विलासच. जीवाश्मांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकूनही कर्ज फिटेना. त्यातच १८२० मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या वर्तुळातून जॉर्ज ग्रीनो यांचा प्रतिस्पर्धी नकाशा बाजारात आला. त्यातील बरेच काही स्मिथ यांच्या कामावर आधारलेले होते. पण नकाशावर त्यांचे नाव झळकले ते १८६५ च्या आवृत्तीत. उमराव आणि धनिकांच्या त्या संस्थेने लोहाराच्या मुलाला आपल्यात घेतले नव्हते.

तुरुंगातून सुटल्यावर स्मिथ यांनी लंडन सोडले आणि उत्तरेकडे यॉर्कशायरमध्ये मिळेल ते काम केले. अखेर काळ पालटला. १८३१ मध्ये त्याच सोसायटीने आपले पहिले वोलास्टन पदक त्यांना दिले आणि अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी इंग्लिश भूशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला. पुढील वर्षी सरकारने सालीना शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. २८ ऑगस्ट १८३९ रोजी, बर्मिंगहॅमच्या विज्ञान परिषदेला जाताना नॉर्दम्प्टन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी वाढवलेला अनाथ भाचा जॉन फिलिप्स याने १८४१ मध्ये जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासाचे पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव असे कालखंड मांडले. फिलिप्स यांच्यानंतर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात प्राध्यापक झालेले थॉमस ओल्डहॅम १८५१ मध्ये कोळशाच्या शोधासाठी भारतात आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा पाया घातला गेला. विदर्भातील वर्धा खोऱ्याचा कोळसा ज्या गोंडवन थरांत आहे, त्यांची ओळख आजही ग्लॉसोप्टेरिस वनस्पतीच्या पानांच्या ठशांवरून पटवली जाते. थर ओळखण्याची ही रीत त्या कर्जबाजारी भूमापकाचीच.