स्वामी कुवलयानंद : मस्तकाकडे वाहणारे रक्त आणि मोजमाप

चरित्र वाचताना त्या व्यक्तीने कोणता प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला, हे आधी शोधावे. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचा प्रश्न साधा होता : योगाविषयी जे सांगितले जाते, ते मोजून पाहता येईल काय?

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे. संस्कृतचा व्यासंग, बडोद्यास राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण, पुढे अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाचे कार्य. आणि नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून योगाचे मार्गदर्शन. ते डॉक्टर नव्हते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

१९२४ साली मावळातील लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, असे आढळले. या अवस्थेस त्यांनी गुरूंचे नाव दिले : ‘माधवदास व्हॅक्यूम’. अर्धे नाव गुरूंचे, अर्धे प्रयोगशाळेतले! परिभाषेच्या अभ्यासकाला ही जोडणी फार बोलकी वाटते.

अधिक नाजूक प्रश्न मस्तकाचा होता. शीर्षासनात मेंदूला भरपूर रक्त मिळते, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः डोके हृदयाच्या खाली गेले की रक्तस्तंभाच्या भाराने तेथील वाहिन्यांतील दाब वाढतो. परंतु कवटी कठीण असल्याने तिच्या आत मावणाऱ्या रक्ताला मर्यादा असते, आणि मानेतील धमन्यांना वाढलेला दाब जाणवताच हृदयाची गती मंदावते. म्हणजे प्रश्न श्रद्धेचा राहत नाही. रक्तदाब असलेल्या माणसाला उलटे उभे करावे की नाही, असा तो होतो. कुवलयानंदांनी विपरीत आसनांतील रक्तदाबाच्या नोंदी घेतल्या, त्या याच कारणाने मोलाच्या. १९२७ मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा आसनांविषयी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार झाला. रुग्ण इतका मोठा असताना सल्ला देणे किती जबाबदारीचे असेल, याची कल्पना आपण करू शकता.

प्रयोगांच्या जोडीने ग्रंथसंशोधनही चालू होते, कारण हठयोगाच्या पोथ्यांतील एकेका संज्ञेचा अर्थ ठरल्याशिवाय नेमके काय मोजायचे, हे कळणार नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. संस्थेच्या ‘योगकोशा’चा पहिला खंड १९७२ मध्ये निघाला, तो त्यांना पाहता आला नाही.