रोबोट मोवरचा पणजोबा: एडविन बडिंग, कापडगिरणीत बसून गवताचा विचार करणारा माणूस

इन्स्टाग्रामवर ते रील तुम्ही पाहिलं असेलच. परदेशातलं एखादं मोठं फुटबॉल ग्राउंड, रात्रीची वेळ, एकही माणूस नाही, आणि कासवासारखी दिसणारी दोन-तीन यंत्रं शांतपणे गवत कापत फिरतायत. बॅटरी उतरली की स्वतःच चार्जरवर जाऊन बसतात. खाली कमेंटमध्ये कोणीतरी विचारतंच, की भाऊ, हे आपल्या अकोल्यात कधी येईल?

त्या प्रश्नाकडे येऊच. पण आधी ज्या माणसामुळे गवत कापायचं यंत्र ही गोष्टच जगात आली, त्याची ओळख करून घेऊ. त्याचं नाव एडविन बडिंग. तो १८४६ मध्ये वारला. त्याने केलेली एक गोष्ट आजच्या भारी भारी रोबोटलाही नीट जमत नाही, म्हणून त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

बडिंगचा जन्म साधारण १७९६ चा, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर भागातल्या स्ट्राउड गावाजवळचा. सुरुवातीला तो सुतारकाम करायचा. पण हात लाकडात आणि डोकं लोखंडात, असा त्याचा प्रकार होता. हळूहळू तो फाउंड्री आणि गिरण्यांच्या कामाकडे वळला. आजच्या भाषेत फ्रीलान्स इंजिनिअर म्हणा. मशीन बिघडलं की बोलवायचं, नवीन काही जुळवायचं असलं की बोलवायचं. त्याने अनेक नळ्यांचं पिस्तूलही बनवलं होतं, तेही सॅम्युअल कोल्टच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरच्या आधी. डिग्री नव्हती, पण जे दिसेल ते उघडून बघायची खोड होती.

आता स्ट्राउड म्हणजे काय, तर जसा आपला वऱ्हाड कापसाचा, तसा तो भाग लोकरीच्या कापडाचा. दरीतून वाहणाऱ्या नद्या, त्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या. लोकरीचं कापड विणून झालं की ते कुटून घट्ट करायचे. मग काटेरी बोंडांनी घासून त्याची लव वर उभी करायचे. आणि मग ती लव एकसारखी कापायची, म्हणजे कापड गुळगुळीत दिसतं. हे शेवटचं काम पूर्वी कसबी कारागीर मोठमोठ्या कात्र्यांनी हाताने करत. स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम्बच्या जॉन लुईसने १८१५ मध्ये त्यासाठी यंत्राचं पेटंट घेतलं. एका सिलिंडरवर पिळदार पाती, खाली एक स्थिर पातं, आणि दोन्हींच्या मधे सापडलेली लव कात्रीत सापडल्यासारखी कापली जाते.

जिनिंगमध्ये कधी गेला असाल तर ही मांडणी थोडी ओळखीची वाटेल. तिथे काम वेगळं असतं, रुई आणि सरकी वेगळी करायची असते. पण फिरणारा रोलर, त्याला चिकटून बसवलेलं स्थिर पातं, आणि दोघांमधलं अंतर जरा चुकलं की सगळा माल खराब, हे तिथल्या फिटरला सांगावं लागत नाही.

बडिंग अशा गिरण्यांची यंत्रं रोज बघत होता. आणि कधीतरी त्याच्या डोक्यात आलं, की कापडावरची लव आणि जमिनीवरचं गवत यात फरक तो काय? कापड यंत्राखालून सरकतं. गवत सरकणार नाही, मग यंत्रच गवतावरून सरकवू.

इंजिनिअर म्हणून मला ही उडी फार आवडते. नवा शोध म्हणजे शून्यातून काहीतरी काढणं, असं आपल्याला उगाच वाटतं. इथे कापणारा भाग जवळजवळ तयार होता. अवघड प्रश्न दुसरेच होते. गिरणीत पाणचक्की ताकद देते, बागेत ताकद कोण देणार? कापड सपाट ताणलेलं असतं, जमीन खालीवर असते, मग उंची कशी राखायची?

त्याचं उत्तर असं. यंत्राच्या मागे एक जड लोखंडी रोलर. माणूस यंत्र ढकलतो, रोलर जमिनीवर फिरतो, आणि दातेरी चाकांमधून ती फिरकी पुढच्या पात्यांच्या सिलिंडरला मिळते. रोलरचा एक फेरा म्हणजे सिलिंडरचे १६ फेरे. उंची कमी-जास्त करायला मधे आणखी एक रोलर. कापलेलं गवत उडून पुढच्या ट्रेमध्ये पडायचं. रुंदी १९ इंच, म्हणजे साधारण ४८ सेंटिमीटर. हे धूड इतकं जड होतं, की लवकरच पुढे आणखी एक दांडा बसवावा लागला. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं. पण त्याआधी हे काम कसं व्हायचं ते बघा. लांब दांड्याच्या मोठ्या विळ्याने, पहाटे, दव असतानाच, कारण ओलं गवत विळ्याला नीट लागतं. आणि एकसारखी हिरवळ कापायला वर्षानुवर्षांचा हात लागायचा. ज्यांना ते परवडत नव्हतं ते मेंढ्या सोडायचे. क्रिकेटची पंढरी म्हणतात त्या लॉर्ड्सवरसुद्धा एकेकाळी मेंढ्या चरून गवत कमी करत.

बडिंगकडे कल्पना होती, पैसे नव्हते. म्हणून मे १८३० मध्ये त्याने थ्रप गावच्या फिनिक्स फाउंड्रीचा मालक जॉन फेराबी याच्याशी करार केला. खर्च, पेटंट आणि विक्री फेराबीने बघायची, नफा निम्मा निम्मा. आजचं स्टार्टअपवालं गणित तेव्हाही होतंच. ३१ ऑगस्ट १८३० ला पेटंट मिळालं. त्यात बडिंगने असंही सुचवलं होतं, की श्रीमंत गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवलं तर त्यांची करमणूकही होईल आणि व्यायामही. मार्केटिंग त्याला चांगलं कळत होतं.

आता त्या तारखेजवळ थोडं थांबूया. त्याच्या तीनच दिवस आधी, २८ ऑगस्टच्या रात्री, केंट परगण्यात शेतमजुरांनी एक मळणीयंत्र फोडलं. हिवाळ्यात हाताने मळणी करून जी मजुरी मिळायची ती यंत्राने नेली होती. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक पुढाऱ्याच्या नावाने धमकीची पत्रं जाऊ लागली, गंजी पेटल्या, आणि नोव्हेंबरपर्यंत ही लाट बडिंगच्या ग्लॉस्टरशरमध्येही पोहोचली. सरकारने ती कठोरपणे मोडून काढली. शेकडो लोकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडे पाठवलं. कापडाची लव कापणारे कारागीरही त्याआधी याच कारणासाठी रस्त्यावर उतरले होते. म्हणजे बडिंगने ज्या यंत्रापासून प्रेरणा घेतली ते आधीच कोणाच्या तरी हातातलं काम काढून घेऊन आलं होतं. आणि त्याचं यंत्र आता विळेवाल्यांच्या पहाटेच्या कामावर येणार होतं.

बडिंगने यावर काय विचार केला असेल ते आपल्याला कळायला मार्ग नाही. शेजाऱ्यांनी वेड्यात काढू नये म्हणून तो यंत्राची चाचणी रात्री घ्यायचा, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असेल नसेल, पण रात्रीच्या अंधारात एकटंच गवत कापत फिरणारं यंत्र हे चित्र तेव्हापासूनचं आहे, याची मजा वाटते.

सुरुवातीच्या गिऱ्हाइकांमध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधली प्राणिसंग्रहालयाची बाग होती, ऑक्सफर्डची कॉलेजं होती. १८३२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने हे यंत्र बनवायचा परवाना घेतला. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर शँक्सने घोड्याने ओढायचं मोठं मशीन काढलं. त्या घोड्यांच्या पायात चामड्याचे बूट घालत, हिरवळीवर खूर उमटू नयेत म्हणून. बडिंग मात्र मोठा उद्योगपती वगैरे झाला नाही. तो डर्सली गावी गेला, तिथे जॉर्ज लिस्टरबरोबर लोकर पिंजण्याच्या यंत्रांवर काम करत राहिला. पुढे त्याने स्क्रू फिरवून जबडा कमी-जास्त करायचा पाना बनवला. आपल्या कुठल्याही गॅरेजमध्ये जो स्क्रू पाना पडलेला असतो, त्याच्या जुन्या पिढीतला हा एक. १८४६ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, झटका येऊन तो गेला. तेव्हाची पेटंटं १४ वर्षांची असत, म्हणजे त्याचं पेटंट नुकतंच संपलं होतं. लॉन टेनिस, फुटबॉलची हिरवी मैदानं, गोल्फ, हे सगळं मोठं झालं ते त्याच्यानंतर.

पुढे काय झालं ते भराभर सांगतो. १९०२ मध्ये रॅन्सम्सनेच पेट्रोल इंजिनचा मोवर विकायला काढला. ढकलायची ताकद माणसाकडून गेली. आता उरलं होतं दिशा देणं. १९४८-४९ च्या सुमारास, स्ट्राउडपासून फार लांब नसलेल्या ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूतज्ज्ञाने छोटी यांत्रिक कासवं बनवली. ती उजेडाच्या दिशेने जात, अडथळा आला की वळत, आणि बॅटरी उतरली की आपल्या दिवा लावलेल्या खोपट्यात परत येत. गवत कापत नव्हती, पण आजच्या रोबोट मोवरचं वागणं हेच. १९९५ मध्ये स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने सौरऊर्जेवर चालणारा रोबोट मोवर बाजारात आणला, आणि तिथून ही जात वाढली.

सुरुवातीच्या रोबोटला मैदानाच्या कडेने तार पुरावी लागायची. तारेतून हलका सिग्नल जातो, तो मिळाला की रोबोट वळतो. आत मात्र तो कसाही भटकायचा. आता मोठ्या मैदानांवर आरटीके वापरतात. तुमच्या फोनचं जीपीएस काही मीटर चुकतं. आरटीकेमध्ये एक स्टेशन मैदानाजवळ पक्क्या जागी बसवतात. त्याला स्वतःची जागा माहीत असते, त्यामुळे उपग्रहाचा सिग्नल या क्षणी किती चुकतोय ते त्याला कळतं, आणि ती दुरुस्ती ते रोबोटला पाठवत राहतं. चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. मग तार नको, हद्द ॲपमध्येच आखता येते, आणि सरळ पट्टे मारता येतात.

आकडेमोड करून बघा. ७० मीटर त्रिज्येचं क्रिकेट मैदान म्हणजे साधारण १५,४०० चौरस मीटर, पावणेचार एकरांच्या आसपास. बडिंगच्या ४८ सेंटिमीटरच्या यंत्राने ते एकदा कापायचं तर जवळपास ३२ किलोमीटर चालावं लागेल. म्हणजे अकोल्याहून निघून बाळापूर मागे टाकून पुढे. रोबोट हे दमल्याशिवाय रोज करतो, आणि रोज करतो म्हणून प्रत्येक वेळी पात्याचं जरासं टोकच कापतो. ते बारीक तुकडे तिथेच पडून कुजतात, गोळा करायची गरज नाही. ट्रे गायब.

आणि आता ती सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. रोबोटच्या पोटाखाली बघितलं तर बडिंगचा सिलिंडर बहुतेक वेळा दिसतच नाही. तिथे एक चकती असते, तिच्या कडेला ब्लेडसारखी तीन-चार छोटी पाती लोंबकळत असतात, मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे. ती कात्रीसारखी कापत नाहीत, वेगाने फटका मारून कापतात. म्हणजे विळाच. रोबोटने १८३० च्या पुढची उडी मारताना कापण्याची पद्धत मात्र विळेवाल्यांची घेतली. कारण सोपं आहे. चकतीला बॅटरी कमी लागते, खडा लागला तर पातं मागे दुमडतं, आणि सिलिंडर-पात्यामधलं ते बारीक अंतर सांभाळायची कटकट नसते. पण गवत काही मिलिमीटरवर, एकसारखं, टोक न फाटता कापायचं असेल, म्हणजे गोल्फचं ग्रीन किंवा क्रिकेटची खेळपट्टी, तर आजही सिलिंडर मोवरच लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो माणूसच चालवतो. आउटफिल्ड रोबोटला देता येईल. पिच नाही, निदान इतक्यात नाही.

मग अकोल्यात? कागदावर बघितलं तर हरळीच्या मैदानाला रोबोट चांगलाच. पावसाळ्यात हरळी अशी धावते की आठवड्यातून एकदा कापून भागत नाही. पण त्याच पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला धरते, आणि उन्हाळ्यात ती भेगाळते. जमिनीत पुरलेली तार अशा ताणात टिकेल यावर मी पैसे लावणार नाही, आरटीकेवालाच घ्यावा. दुसरं ऊन. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं मानतात, आणि मे महिन्यात इथला पारा तिथे सावलीतच पोहोचतो. म्हणजे चार्जर शेडमध्ये आणि काम रात्री. युरोपात मात्र रात्रीच्या कामाला विरोध सुरू झालाय. तिथले काटेरी हेजहॉग संकट आलं की पळत नाहीत, अंग गोळा करून बसतात, आणि पात्याखाली येतात. जर्मनीतल्या काही शहरांनी म्हणून रात्री रोबोट मोवर चालवायला बंदी घातली. आपल्याकडे रात्री मैदानात साप, बेडूक निघतात, त्यांचा हिशेब कोणी मांडायचा?

तिसरा मुद्दा मजुरीचा, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. युरोपात रोबोट परवडतो कारण तिथे माणूस महाग आहे. इथे मैदानावर विळा-खुरपं घेऊन बसणाऱ्या बायांची रोजी त्या यंत्राच्या किमतीपुढे इतकी कमी आहे, की हिशेब अजून यंत्राच्या बाजूने लागत नाही. रोबोट थांबलाय तो माणसाची किंमत कमी असल्यामुळे. यंत्रं स्वस्त होत जातील तेव्हा हा हिशेब उलटेल. तेव्हा ते ॲप उघडून हद्द आखणारी, दर थोड्या आठवड्यांनी पाती बदलणारी, चाकातली माती खरवडणारी व्यक्ती लागणारच. पाती बदलायला एक स्क्रूड्रायव्हर आणि पाच मिनिटं पुरतात. ते शिकवायचं कोणाला, हे मैदान सांभाळणाऱ्या संस्थेने मशीनची ऑर्डर देण्याआधी ठरवलेलं बरं.