डॉ. वसंत रामजी खानोलकर : आपल्या माणसांचा कॅन्सर अभ्यासणारे संशोधक

आज आपण भारतातील पॅथॉलॉजीचे जनक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांची माहिती पाहणार आहोत. पॅथॉलॉजी म्हणजे रोगामुळे शरीराच्या पेशींत काय बदल होतात ते तपासण्याचं शास्त्र.

डॉ. खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये ते एम.डी. झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या काळात वैद्यकाची पुस्तकं विलायतेतली, त्यातले रुग्णही बहुतेक गोरे. डॉ. खानोलकरांनी मात्र समोरच्या रुग्णाकडे बारकाईने पाहिलं. तो काय खातो, काय नेसतो, हेही नोंदवलं. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह त्यांनी भारतातल्या कॅन्सरच्या तीन नव्या प्रकारांवर शोधनिबंध लिहिला. त्यातला एक होता धोतराचा कॅन्सर! धोतर कमरेला वर्षानुवर्षं घट्ट आवळलं की कातडी घासते, तिचा रंग बदलतो, जखमा होतात. काही जणांना पुढे तिथेच कॅन्सर होतो. परदेशी पुस्तकात हे सापडणार कसं? तिथे धोतर नेसतंच कोण!

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे ते संचालक झाले. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. डॉ. खानोलकरांनी कुष्ठरोगावरही महत्त्वाचं संशोधन केलं. १९५५ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, त्यांनी दाखवलेल्या वाटेवरचं बरंच काम आजही बाकी आहे. नखाच्या मेलानोमाचंच उदाहरण घ्या. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांत तो कमी आढळतो. पण झालाच, तर तळपाय, तळहात किंवा नखाखाली होण्याचं प्रमाण मोठं असतं. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ मध्ये सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

अडचण अशी, की आपल्यासारख्या त्वचेत नखावर काळसर उभी रेघ असणं नेहमीचंच आहे. मग साधी रेघ कोणती आणि धोक्याची कोणती? काळा रंग नखाबाहेर कातडीवर पसरला तर संशय घ्यावा, असा जुना नियम आहे. पण सावळ्या त्वचेत तिथला रंग मुळातच गडद असू शकतो. अशा त्वचेवरचे अभ्यास कमी, पुस्तकांतले फोटोही कमी. फोटो पाहून रोग ओळखणारे संगणकसुद्धा बहुतांशी गोऱ्या त्वचेच्या फोटोंवरच शिकले आहेत. त्यामुळे निदानाला उशीर होतो, आणि हा उशीर जिवावर बेतू शकतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, मोलगीच्या डोंगरात अनवाणी चालताना ठेच लागते, नख काळं पडतं. मग कोणी फारसं लक्ष देत नाही. पण हे लक्षात ठेवा बरं का : मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. रेघ मात्र मुळापासून तशीच राहते. मोठ्या माणसाच्या एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंद होत गेली किंवा नख चिरू लागलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. घाबरू नका, बहुतेक रेघा निरुपद्रवी असतात. लहान मुलांत तर हा कॅन्सर फारच क्वचित होतो.

उपक्रम : घरातल्या मोठ्यांच्या हातापायांची नखं पाहा. रेघ दिसली तर कोणत्या बोटाला, किती रुंद आणि कधीपासून, हे वहीत तारखेसह लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. डॉ. खानोलकरांचं संशोधनही अशाच नोंदींवर उभं राहिलं होतं.